फ्लाइट सिम्युलेटरसाठी स्वस्तातली जॉयस्टिक पारखून कशी घ्यावी

जॉयस्टिक घ्यायची म्हटली की बहुतेक जण आधी बटणं मोजतात. बारा आहेत की सोळा, ट्रिगरला लाल दिवा लागतो का, फायटर विमानातल्यासारखी दिसते का, यावरच निम्मी खरेदी होते. प्रत्यक्ष उडवताना मात्र दांडा बहुतेक वेळ मधल्या एका छोट्याशा टापूतच हलत असतो. सरळ उडताना, वळण धरून ठेवताना, धावपट्टीच्या रेषेत उतरत येताना सगळी कामं तिथेच होतात. दांडा टोकापर्यंत न्यायची वेळ कसरतीत नाहीतर हवाई लढाईतच येते. त्यामुळे स्वस्त स्टिकची परीक्षा मधल्या बिंदूपासून सुरू करावी. तिथे ती इमानदार असेल तर बाकीच्या पुष्कळ उणिवा चालवून घेता येतात. तिथेच गडबड असेल तर पंचवीस बटणं असूनही उपयोग नाही.

घेण्याआधी: उडवणार काय?

सेसना १७२ सारख्या छोट्या विमानात खरं तर दांड्याऐवजी योक (मोटारीच्या स्टिअरिंगसारखं हँडल) असतो, पण जॉयस्टिकवर ते छान उडतं. एअरबस ए-३२० मध्ये वैमानिकाच्या बाजूला साइडस्टिकच असते, त्यामुळे तिथे साधी स्टिक अगदी स्वाभाविक वाटते. लढाऊ विमानांसाठी हाताखाली बटणं जास्त लागतात. हेलिकॉप्टर सगळ्यांत कडक परीक्षक. तिथे सतत बारीक हालचाली कराव्या लागतात आणि स्प्रिंगचा प्रत्येक झटका हवेत दिसतो. तुमचा कल हेलिकॉप्टरकडे असेल तर खाली दिलेल्या कसोट्या जास्त कठोरपणे लावा.

कमीत कमी चार ॲक्सिस, म्हणजे हालचालीच्या दिशा, हव्यात: डावी-उजवीकडे कलणं, नाक वर-खाली, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणं) आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणं). स्वस्त स्टिकमध्ये रडरसाठी दांडाच पिळायचा असतो, त्याला ट्विस्ट म्हणतात. पेडल नसतील तर ट्विस्ट नसलेली स्टिक घेऊ नका. जमिनीवर टॅक्सी करतानाच, म्हणजे विमान चाकांवर चालवतानाच, वैतागाल.

डावखुऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. बहुतेक मुठी उजव्या हाताच्या साच्यात घडवलेल्या असतात. थ्रस्टमास्टरची टी-१६०००एम दोन्ही हातांनी वापरता येते, तसा पर्याय शोधा. सिम्युलेटर गेमिंग कन्सोलवर खेळणार असाल तर त्या कन्सोलचं नाव खोक्यावर छापलेलं हवं. संगणकावर चालणारी स्टिक तिथे चालेलच असं नाही.

माहितीपत्रकात काय वाचायचं, काय सोडून द्यायचं

पहिली गोष्ट सेन्सर. स्वस्त स्टिकमध्ये सहसा पोटेन्शियोमीटर असतो. आत एक पट्टी असते आणि दांडा हलला की तिच्यावरून एक छोटी जीभ घासत जाते. घासल्यामुळे पट्टी झिजते, धूळ बसते आणि मग संगणकाला मध्येच भलतेच आकडे जाऊ लागतात. हॉल इफेक्ट सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवतच नाहीत, म्हणून ती झीज नाही. हा परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधला आणि आज तो गेमिंगच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत झळकतो. त्यात तथ्य आहे, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अनेक स्टिकमध्ये हॉल सेन्सर फक्त दोन मुख्य ॲक्सिसना असतो, ट्विस्टला आणि थ्रॉटलला साधाच पोटेन्शियोमीटर बसवलेला असतो. शिवाय दांड्याचा सांधाच ढिला असेल तर उत्तम सेन्सरही त्या ढिलेपणाचंच अचूक मोजमाप करून देतो.

दुसरी गोष्ट बिट्स. ८ बिट म्हणजे पूर्ण हालचालीचे २५६ टप्पे, १० बिट म्हणजे १०२४, १६ बिट म्हणजे ६५,५३६. दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४० अंश फिरतो असं धरलं, तर ८ बिटमध्ये एक टप्पा साधारण ०.१६ अंशाचा आणि १० बिटमध्ये ०.०४ अंशाचा होतो. एवढी बारीक हालचाल हाताने ठरवून करणं कठीणच. म्हणून १० बिटच्या वर गेलेल्या आकड्याला फार भाव देऊ नका. आकडे स्थिर राहतात का, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

मूठ थरथरणं म्हणजे फोर्स फीडबॅक नव्हे. खऱ्या फोर्स फीडबॅकमध्ये मोटर दांड्यावर जोर देते आणि विमानाचा वेग वाढला की दांडा हाताला जड लागतो. या किमतीच्या नव्या स्टिकमध्ये ते मिळत नाही. 'व्हायब्रेशन' लिहिलं असेल तर ती फक्त मुठीतली थरथर समजा.

बटणं किती? ट्रिगर, हॅट स्विच (अंगठ्याने चहूकडे ढकलायचं बटण), ट्रिमसाठी (दांडा सतत धरून ठेवावा लागू नये म्हणून करायची जुळवणी) दोन, फ्लॅपसाठी (पंखांमागचे खाली येणारे पडदे) दोन, चाकं, ब्रेक. एवढी हाताला लागली की नागरी विमानाचं काम भागतं. उरलेल्यांसाठी कीबोर्ड आहेच.

हाती आल्यावर: आधी केबल लावूच नका

स्टिक टेबलावर ठेवा. एका हाताने पाया दाबून धरा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी दांडा अगदी हलके डावी-उजवीकडे ढकला. स्प्रिंगचा विरोध लगेच लागला पाहिजे. आधी थोडं मोकळं डुलून मग विरोध लागत असेल, तर तो मध्यावरचा ढिलेपणा. नव्या स्टिकमध्येच तो असेल तर पुढे वाढतच जाणार.

आता दांडा मध्यापासून अतिशय सावकाश बाजूला न्या. काही स्टिकमध्ये दांड्याभोवती एकच मोठी स्प्रिंग असते आणि ती प्लास्टिकच्या चकतीला दाबून धरते. प्लास्टिकवर प्लास्टिक घासल्यामुळे दांडा आधी अडून राहतो आणि जोर वाढवला की एकदम सुटतो, पावसाळ्यात फुगलेला लाकडी खण ओढावा तसा. विमानात याचा अर्थ असा की तुम्हाला नाक अर्धा अंश वर हवं असतं आणि ते दोन अंश वर जातं. दुसऱ्या प्रकारच्या रचनेत प्रत्येक दिशेला वेगळी स्प्रिंग असते. तिथे मध्य ओलांडताना हाताला एक खाच जाणवते. सौम्य खाच चालते, काहींना तर आवडते, कारण मध्य कुठे आहे ते न बघता कळतं. पण नाक वर ठेवून डावीकडून उजवीकडे कलताना ती खाच आडवी येत असेल, तर बारीक उड्डाणाला त्रास होणार.

पुढे पायाची पाळी. दांडा पूर्ण मागे ओढा. पाया पुढच्या बाजूने उचलला जातो का? हलक्या स्टिकचं हे नेहमीचं दुखणं. तळाशी रबरी सक्शन कप असतील तर ते फक्त गुळगुळीत पृष्ठभागाला धरतात. या दोषासाठी स्टिक परत करू नका. दुहेरी चिकटपट्टीने किंवा दोन स्क्रूंनी पाया एका फळीवर बसवला की प्रश्न मिटतो.

ट्विस्टची चाचणी मात्र मनापासून करा, कारण स्वस्त स्टिकमध्ये बऱ्याचदा सगळ्यांत आधी तोच मान टाकतो. आतून जाणाऱ्या वायरी प्रत्येक पिळाबरोबर वाकतात. दांडा डावीकडे ढकलताना मूठ आपोआप पिळली जाते का ते बघा. पिळायला लागणारा जोर कलवायला लागणाऱ्या जोरापेक्षा थोडा जास्त हवा, नाहीतर प्रत्येक वळणात नको असलेला रडर लागत राहील.

थ्रॉटल बहुधा पायावरचा छोटा सरकदांडा असतो. तो एकसारखा सरकला पाहिजे आणि जिथे सोडला तिथेच राहिला पाहिजे. काही स्वस्त वेगळ्या थ्रॉटलना बरोबर मध्यावर खाच असते. लँडिंगच्या वेळी शक्ती नेमकी त्याच भागात कमी-जास्त करावी लागते, म्हणून ती खाच छळते.

संगणकाला जोडून

यूएसबी हब न वापरता थेट संगणकाच्या पोर्टात जोडा. उत्पादकाचं सॉफ्टवेअर एवढ्यात टाकू नका, कॅलिब्रेशनही (दांड्याचा मध्य आणि टोकं संगणकाला नव्याने दाखवणं) करू नका. स्टिक मुळात काय पाठवते ते आधी बघायचं आहे. विंडोजच्या शोधपट्टीत 'गेम कंट्रोलर' टाइप केलं की यूएसबी गेम कंट्रोलरची खिडकी सापडते, तिच्यात तुमच्या स्टिकचं 'प्रॉपर्टीज' उघडा. चौकटीत एक फुली आणि शेजारी पट्ट्या दिसतील. लिनक्सवर हेच काम जेएसटेस्ट-जीटीके हा प्रोग्राम करतो आणि तिथे थेट आकडे दिसतात, ते अधिक सोयीचं.

आता क्रमाने एवढं करा.

१. हात पूर्ण काढा आणि फुलीकडे पाहत राहा. ती थरथरता कामा नये. शेवटच्या टप्प्यातली किंचित चुळबुळ ठीक, उड्या नाहीत.

२. दांडा डावीकडे टोकाला नेऊन हाताने सावकाश मध्यावर आणा आणि सोडा. फुली कुठे थांबली ते लक्षात ठेवा. मग उजवीकडून तसंच करा. पुन्हा डावीकडून, पुन्हा उजवीकडून, आणि नंतर पुढून-मागून. दरवेळी ती एकाच जागी आली तर उत्तम. डावीकडून आल्यावर थोडी डावीकडे आणि उजवीकडून आल्यावर थोडी उजवीकडे थांबत असेल, तर तेवढं अंतर म्हणजे या स्टिकचा खरा दोष. एकूण हालचालीच्या एक-दोन टक्के असेल तर चालतं. पाच टक्क्यांच्या आसपास गेलं तर मी स्टिक परत पाठवेन. हा आकडा लिहून ठेवा, पुढे डेडझोन (मध्याभोवती दुर्लक्ष करायचा भाग) ठरवताना लागेल.

३. प्रत्येक ॲक्सिस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इतकी सावकाश न्या की कंटाळा यावा. पट्टी सलग सरकली पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर सेन्सरची पट्टी खराब किंवा वायर ढिली. थ्रॉटल दोन्ही टोकांना पूर्ण पोचतो का, हेही याच वेळी बघा. पंचाण्णव टक्क्यांवर अडकणारा थ्रॉटल उड्डाणाच्या वेळी पूर्ण शक्ती देणार नाही.

४. दांडा नुसता डावीकडे-उजवीकडे हलवा आणि ट्विस्टच्या पट्टीकडे बघा. ती स्थिर राहायला हवी. नंतर उलट: मूठ पिळा आणि फुलीकडे बघा.

५. ट्रिगर दाबून धरून हॅट फिरवा, मग बाकीची बटणं एकेक करून दाबा. एक दाबलं की दुसरं सुटतंय असं होऊ नये. ट्रिगर दाबताना फुली हलत असेल तर मूठ तुमच्या हाताला मोठी आहे किंवा ट्रिगर फार कडक आहे.

अर्ध्या तासाने पहिल्या दोन चाचण्या पुन्हा करा. काही स्टिकचा मध्य थोड्या वापरानंतर सरकतो.

एवढं झाल्यावरच कॅलिब्रेशनकडे वळा, आणि तेही पुस्तिका वाचून. काही स्टिक आपलं कॅलिब्रेशन आतल्या आत करतात. त्यांच्यावर विंडोजचं कॅलिब्रेशन चढवलं की चांगला मध्य उलट बिघडतो.

आता विमानात

चाचणीसाठी महागडं सिम्युलेटर लागत नाही. फ्लाइटगिअर मोफत आणि मुक्त स्रोत आहे. डीसीएस वर्ल्डही मोफत उतरवता येतं आणि त्याबरोबर सू-२५टी आणि टीएफ-५१डी ही विमानं मिळतात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेन आधीच असेल तर तेच वापरा. सेसना १७२ घ्या, हवामान स्वच्छ, वारा शून्य. आपोआप रडर देणारी आणि सांभाळून घेणारी सगळी मदत बंद करा, नाहीतर परीक्षा स्टिकची न होता त्या मदतीची होईल.

उडण्याआधी नियंत्रणांची यादी उघडा. स्टिक जोडली की सिम्युलेटर स्वतःच कामं वाटून टाकतो आणि त्यात घोळ होतात. थ्रॉटल उलटा असतो, किंवा एकच काम स्टिकला आणि शेजारच्या गेमपॅडला दोघांनाही दिलेलं असतं. 'स्टिक खराब आहे' या तक्रारींतला मोठा हिस्सा इथेच सापडतो. डेडझोन शून्य ठेवा, कर्व्ह (दांडा किती हलला की विमानाला किती कळवायचं ती रेषा) सरळ ठेवा. पहिली फेरी कोणताही मेकअप न करता.

३००० फुटांवर जाऊन साधारण १०० नॉट वेगाने विमान ट्रिम करा आणि हात सोडा. विमान हळूहळू एका बाजूला कलू लागलं तर घाईने स्टिकला दोष देऊ नका. प्रोपेलरमुळे छोटं विमान एका बाजूला ओढ घेतंच. फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. एकदा दांडा डावीकडून मध्यावर आणून सोडा, एकदा उजवीकडून. दोन्ही वेळा विमान त्याच बाजूला कलत असेल तर तो विमानाचा स्वभाव, किंवा फार तर मध्य जरा सरकलेला, तो कॅलिब्रेशनने जागेवर येतो. तुम्ही ज्या बाजूने आलात त्या बाजूला कलत असेल तर दोष स्टिकचा.

पुढे ४५ अंश कलून पूर्ण वर्तुळ मारा. या वळणात १.४ जी, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या १.४ पट, इतका भार येतो आणि उंची टिकवण्यासाठी दांडा थोडा मागे धरून ठेवावा लागतो. उंची शंभर फुटांच्या आत राखायचा प्रयत्न करा. चांगल्या स्टिकवर दोन-तीन प्रयत्नांत जमतं. अडखळणाऱ्या स्टिकवर नाक सारखं वर-खाली डोलत राहतं. तुम्ही दुरुस्ती करता, ती जास्त होते, मग उलटी दुरुस्ती. हे नवशिकेपणामुळेही होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ताज्या हाताने पुन्हा करून बघा.

शेवटची आणि सगळ्यांत बोलकी कसोटी म्हणजे आडव्या वाऱ्यातलं लँडिंग. धावपट्टीला काटकोनात १० नॉट वारा लावा आणि ६५ नॉटच्या आसपास वेग ठेवून खाली या. वारा डावीकडून असेल तर डावा पंख किंचित खाली ठेवायचा आणि उजवा रडर देऊन नाक धावपट्टीच्या रेषेत धरायचं. म्हणजे मूठ उजवीकडे पिळलेली, दांडा डावीकडे कललेला, आणि त्याच वेळी पुढे-मागे बारीक हालचाल चालू. एकाच मनगटातून तीन वेगळ्या गोष्टी. ट्विस्टची स्प्रिंग फार कडक असेल तर मनगट भरून येतं आणि दांडा आपोआप उजवीकडे ओढला जातो. फार मऊ असेल तर नाक डोलत राहतं. हे लँडिंग ज्या स्टिकवर बऱ्यापैकी जमतं, ती स्वस्त असली तरी ठेवण्यासारखी.

सेटिंगने काय सुधारतं

डेडझोन म्हणजे मध्याभोवतीचा असा भाग जिथे दांडा हलला तरी विमानाला कळवायचं नाही. दुसऱ्या चाचणीत सापडलेल्या अंतराला झाकेल एवढाच तो ठेवा. घाबरून दहा टक्के ठेवला की मध्याला भोक पडतं: काही नाही, काही नाही, आणि मग एकदम कलणं. ट्विस्टला थोडा जास्त डेडझोन द्यायला हरकत नाही.

कर्व्हमुळे मध्याजवळची हालचाल सौम्य होते. डीसीएसमध्ये 'कर्व्हेचर' १५ ते २० पासून सुरुवात करा. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेन्सिटिव्हिटी उणे ३० च्या आसपास न्या, दोन्ही बाजूंना सारखीच. खऱ्या टीएफ-५१डीचा दांडा लांब असतो आणि टेबलावरचा बोटभर, त्यामुळे तुमच्या बोटांची तेवढीच हालचाल तिथे कितीतरी मोठी ठरते. ती तफावत कर्व्ह भरून काढतो. पण मध्याला जे मऊ केलं ते टोकाला तीव्र होतं, फुकट काही मिळत नाही. हेलिकॉप्टरसाठी मी कर्व्ह जवळजवळ सरळच ठेवेन. तिथे मध्य सारखा बदलतो आणि दांड्याची प्रतिक्रिया जागेनुसार बदललेली परवडत नाही.

ठेवायची की परत करायची

परत करण्याची मुदत संपायच्या आत हा निर्णय घ्या, आणि तोवर स्क्रू उघडू नका. हलका पाया, उलटा थ्रॉटल, किंचित चुळबुळ, थोडं अडखळणं या गोष्टी घरी सुधारतात. अडखळण्यावर प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी थोडं लावलं की फरक पडतो. पेट्रोलियमयुक्त स्प्रे मारू नका, त्याने काही प्लास्टिक ठिसूळ होतं. याउलट मध्यावरचा ढिलेपणा, नव्यातच उड्या मारणारी ॲक्सिस, टोकाला न पोचणारा थ्रॉटल आणि कलताना हलणारा ट्विस्ट असेल तर सरळ परत.

जुनी स्टिक विकत घेत असाल तर फोटोवर जाऊ नका. विकणाऱ्याकडून त्या विंडोजच्या खिडकीचा व्हिडिओ मागवा, ज्यात तो मूठ अगदी सावकाश दोन्हीकडे पिळतोय आणि थ्रॉटल सरकवतोय. टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा. १५ पिनांच्या गेम पोर्टवाल्या जुन्या स्टिक कितीही दणकट दिसल्या तरी सोडून द्या. आजच्या संगणकाला तो पोर्ट नसतो आणि साध्या अडॅप्टरवर त्या सगळ्या चालत नाहीत.

वर्षभराने खर्च करायची इच्छा झालीच तर महागड्या स्टिकआधी रडर पेडल घ्या. ट्विस्टचं काम पायांकडे गेलं की हातातली साधी स्टिकही हलकी वाटू लागते. पेडल जोडल्यावर ट्विस्टला कुलूप असेल तर ते लावा आणि सेटिंगमधून त्याला दिलेला रडर काढून टाका, नाहीतर दोन रडर एकमेकांशी भांडत बसतील.